देहाचे तीन राखणदार

॥ रामकृष्णहरि ॥

ज्येष्ठ महिना लागला की वारकऱ्याच्या घरात वारीची हालचाल सुरू होते. पडशी झटकून निघते, टाळांच्या दोऱ्या बदलल्या जातात, आणि पेरणीची घाई व पंढरीची ओढ यांची मनात ओढाताण चालते. अशा वेळी वाचकांपुढे एखादी हरिकथा ठेवावी, हा आमचा नित्याचा क्रम. परंतु या खेपेस आम्ही विषय घेतला आहे तो रोगाचा, आणि रोगापासून देहाचे रक्षण कसे होते याचा. काही सज्जन म्हणतील, "बुवा, हा विषय डॉक्टरांचा. कीर्तनकाराने त्यात का पडावे?" याचे उत्तर एका प्रसंगात आहे. तो प्रसंग आम्ही आजवर कोणत्याही गादीवरून सांगितला नाही. आता साठी उलटली. मनावरचे ओझे घेऊन पुढे जाववत नाही, म्हणून सांगतो.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होतो. पाठशाळेत व्याकरण आणि वेदान्त शिकून बाहेर पडलेलो, पाठांतर चोख, आवाज चांगला, आणि आपल्याला पुष्कळ समजते असा पक्का समज. श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात एका दिंडीबरोबर चाललो होतो. मुक्काम नातेपुत्यास पडला. रात्री तंबूत आमचे कीर्तन झाले. चरित्र लावले होते श्रीएकनाथ महाराजांचे. रामेश्वरास वाहायची गंगेची कावड खांद्यावर, आणि वाटेत वाळूत तहानेने तडफडणारे गाढव. नाथांनी कावड उतरवली आणि ती गंगा त्या गाढवाच्या मुखात घातली. रामेश्वर येथेच भेटला, असे त्यांनी मानले. आम्ही हे रंगवून सांगितले. माणसे डोळे पुसत होती.

कीर्तन उतरते तोच शेजारच्या राहुटीतून बोलावणे आले. एका वृद्ध माउलीला दुपारपासून जुलाब आणि उलट्या चालू होत्या. जाऊन पाहतो तो डोळे खोल गेलेले, जिभेला कोरड, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. ती एकच शब्द पुटपुटत होती, "पाणी, पाणी." भोवतालच्या बायका आम्हांला विचारू लागल्या, "महाराज, पाणी दिलं की उलटतंय, अन् जुलाबबी वाढत्यात. द्यावं का न द्यावं?"

आम्ही काय सांगावे! आम्ही सांगितले, "पोटाला विसावा द्या. पाणी देऊ नका. ओठ तेवढे ओले करा, तोंडात तुळशीपत्र ठेवा आणि सगळ्या नाम घ्या." बायांनी ऐकले. महाराजांचा शब्द तो! रात्रभर नामघोष चालला. पहाटे वाहन मिळाले. परंतु दवाखाना येण्यापूर्वीच तिचा प्राण गेला.

दिंडीतील मंडळी म्हणाली, "वारीत देह पडला, भाग्याची!" आम्हीही तेच म्हणालो, आणि त्या बोलण्याने आमचे मन निवले. पुढे तिच्या गावी गेलो. तिचा मुलगा शेतकरी माणूस. पाया पडला, पाट दिला, आणि हळूच विचारले, "महाराज, आईनं शेवटाला पाणी पिलं व्हतं का?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. घटकाभरापूर्वी गाढवाला गंगा पाजणाऱ्या नाथांची कथा ज्या तोंडाने सांगितली, त्याच तोंडाने आम्ही तहानेल्या माणसाचे पाणी तोडले होते.

पुढे कीर्तनास येणाऱ्या एका डॉक्टरांपाशी आम्ही मन मोकळे केले. ते वारकरीच. रागावले नाहीत. म्हणाले, "बुवा, तुम्ही एकटे नव्हे. हजारो घरांत हेच सांगत असत. पण आता समजून घ्या, आणि ज्या तोंडाने चूक सांगितली त्याच तोंडाने बरोबर सांगा." तेव्हापासून वर्षानुवर्षे जे त्यांच्याजवळ बसून आणि पुस्तके वाचून समजले, ते येथे मांडतो.

प्रथम रोग येतो कोठून ते पाहू. त्या माउलीला कोणता जंतू बाधला होता याची तपासणी झाली नाही. परंतु पटकीचे उदाहरण घेतले म्हणजे सर्व उलगडते. पटकी आणि यात्रा यांचे नाते जुने. आपल्या आजा-पणज्यांच्या काळी पटकी आली की मरीआईचा कोप झाला म्हणत, आणि गावेच्या गावे ओस पडत. 1854 साली विलायतेत लंडन शहरात अशीच पटकी आली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने घरोघर हिंडून कोण कोठले पाणी पितो याचा माग काढला, आणि एका रस्त्यावरील पाण्याच्या पंपापाशी येऊन थांबला. त्याच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे 1884 साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने आपल्या कलकत्त्यास येऊन, स्वल्पविरामासारखा वाकडा असा तो जंतू पटकीच्या रोग्यांत आणि तलावाच्या पाण्यात दाखवून दिला. आणि 1959 साली कलकत्त्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले की हा जंतू आतड्यात एक विष सोडतो, आणि त्या विषाने आतडे अंगातील पाणी बाहेर ओतू लागते.

येथे मर्म आहे. पटकीत आतडे फाटत नाही, कुजत नाही. माणूस मरतो तो पाणी आणि क्षार गेल्याने. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात, आणि जोराच्या पटकीत तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. म्हणजे अशा रोग्याचे पाणी तोडणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतायचे थांबवून घागर भरेल म्हणून वाट पाहणे! तेच आम्ही केले.

आणखी एक नवल ऐका. आतडे पाणी ओतीत असतानाही, मीठ आणि साखर एकत्र मिळाली तर त्यांच्याबरोबर पाणी आत शोषून घेण्याची त्याची शक्ती शाबूत राहते. 1971 साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठसाखरेचे पाणी कालवले आणि रोग्यांच्या नातलगांच्याच हाती पेले दिले. शंभरात तीसच्या आसपास माणसे मरत होती, ती संख्या चाराच्याही खाली आली. किती साधा उपाय! एक लिटर उकळून गार केलेले पाणी, त्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. घोट घोट पाजायचे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजायचे, आणि तोवर दवाखान्याची वाट धरायची. आमच्या दिंडीत मीठ होते, साखर होती, पाणी होते. नव्हते ते ज्ञान.

अर्थात सगळेच रोग जंतूंनी होत नाहीत. मिठात आयोडीन नसेल तर गलगंड होतो. अ जीवनसत्त्व कमी पडले तर रातांधळेपण येते. काही रोग आईबापांकडून रक्तातच येतात, काही वयाबरोबर. आणि काही आपण चुन्यात मळून तळहातावर घेतो. माळ घातली, मद्यमांस सोडले, एकादशी धरली. पण कनवटीची तंबाखूची चंची काही सुटत नाही! तोंडाचा कर्करोग माळ पाहून मागे फिरत नाही, एवढे सांगून पुढे जातो.

आता देहाचे रक्षण. चरकसंहितेत एक सुंदर शब्द आहे: व्याधिक्षमत्व. रोगाला तोंड देण्याची शक्ती. सर्व शरीरे याबाबत सारखी नसतात, असेही तेथे सांगितले आहे. त्याच संहितेत रोगाच्या कारणांमध्ये दुसरा एक शब्द येतो: प्रज्ञापराध. म्हणजे बुद्धीचा अपराध. तो केव्हा घडतो? धी, धृति आणि स्मृति ही तीन ढळली म्हणजे घडतो. धी म्हणजे ओळखणे, धृति म्हणजे आवरून धरणे, स्मृति म्हणजे न विसरणे. पाठशाळेत हे आम्ही घोकले होते. परंतु नवीन वैद्यकशास्त्र ऐकताना आम्हांस असे दिसून आले की देहातील राखणदारही हेच तीन आहेत. चरकाने हे मनुष्याच्या बुद्धीविषयी सांगितले, पेशींविषयी नव्हे, हे आम्ही जाणतो. त्याच्या शब्दांत आजचे शास्त्र कोंबण्याची आम्हांस हौस नाही. दृष्टांत म्हणून ही तीन नावे घेतो.

या राखणदारांच्या आधी गावकूस आहे. कातडी हे देहाचे गावकूस. नाकातील केस आणि शेंबूड धूळ अडवतात, अश्रू आणि लाळ यांत जंतू मारणारे द्रव्य असते, आणि पोटातील आम्ल हा तर वेशीवरचा कडवा जागल्या. पटकीचे पुष्कळसे जंतू तेथेच मरतात. पण पाणी फारच घाण असले तर काही निसटून आत जातातच.

पहिला राखणदार धी. अनवाणी चालताना पायात बाभळीचा काटा मोडला तर काय होते? ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. आपण म्हणतो काटा चिघळला. खरे पाहता तेथे फौज जमलेली असते. 1882 साली मेच्निकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने इटलीत समुद्राकाठी राहत असता, तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्याभोवती हलत्या पेशींनी वेढा घातलेला! आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी हेच करतात. परका जंतू ओळखतात, त्याला गिळतात आणि पुष्कळदा स्वतःही मरतात. पू म्हणून आपण जो नाक मुरडून पुसतो, त्यात कामास आलेले हे शिपाईच असतात.

त्यांच्यामागे दुसरी फौज असते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, ते याच फौजेचे ठाणे. तेथील प्रत्येक पेशीजवळ एकेका आकाराची जणू किल्ली असते, आणि अशा कोट्यवधी निरनिराळ्या किल्ल्या देहात आधीच तयार असतात. जो जंतू अजून भेटला नाही, त्याच्याही कुलपाची किल्ली कोठेतरी असते! ती जुळली की ती एकच पेशी वाढत वाढत असंख्य होते आणि त्या जंतूला नेमके चिकटणारे प्रतिपिंड रक्तात सोडते. याला आठवडा, दोन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या खेपेला रोग तेवढे दिवस अंगावर काढावा लागतो, आणि या दिवसांत रोग्याला पाणी, अन्न, विसावा आणि औषध देऊन तगवून धरणे हे आपले काम.

दुसरा राखणदार धृति. फौजेला परका ओळखता आला एवढ्याने भागत नाही. आपल्यांवर शस्त्र न उचलणे हेही आले पाहिजे. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी आहे. तिला या फौजेची पाठशाळा म्हणावे. तेथे दोन परीक्षा होतात. जिला काहीच ओळखता येत नाही ती पेशी नापास, आणि जी आपल्याच देहावर धावून जाते तीही नापास. नापास झालेल्यांना घरी पाठवीत नाहीत; त्या तेथेच संपतात. उत्तीर्ण होणाऱ्या फार थोड्या. त्यातूनही एखादी अविचारी निसटलीच तर तिला आवरायला देहात हिंडत्या चोपदारांसारख्या वेगळ्या पेशी असतात. त्यांच्या शोधाबद्दल 2025 साली मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ही धृति सुटली म्हणजे राखणदारच घर लुटू लागतो. सांधे सुजवून वाकडे करणारा एक संधिवात असा होतो. लहान वयात होणारा मधुमेह बहुधा असाच होतो. 2020 साली आलेल्या कोरोनाच्या साथीत कित्येक रोगी विषाणूपेक्षा आपल्याच फौजेच्या बेफाम हल्ल्याने दगावले. म्हणून अत्यवस्थ रोग्यांना ती फौज शांत करणारे औषध द्यावे लागे. आजकाल बाजारात "प्रतिकारशक्ती वाढवा" म्हणून चूर्णे आणि काढे विकतात. त्यांना विचारावे, "बाबा, धी वाढवणार की धृति?" नुसती फौज वाढवून राज्य चालत नाही. तिला शिस्त लागते. पोटभर साधे अन्न, पुरेशी झोप, चालणे, व्यसन नसणे, यांनी ती शिस्त नीट राहते. आणि यांची चूर्णे निघत नाहीत.

तिसरा राखणदार स्मृति. आम्हांला सर्वांत गोड वाटतो तो हा. उत्तरेकडील समुद्रात फॅरो नावाची बेटे आहेत. तेथे 1781 साली गोवराची साथ आली आणि गेली. मग पासष्ट वर्षे तेथे गोवर नव्हता. 1846 साली तो पुन्हा आला आणि सात-आठ हजार वस्तीपैकी सुमारे सहा हजार माणसे आजारी पडली. पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तेथे गेला. त्याला आढळले की 1781 साली लहानपणी ज्यांना गोवर येऊन गेला होता, त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही या खेपेस गोवर आला नाही. पासष्ट वर्षांपूर्वीचा चोर देहाने विसरला नव्हता!

आपल्याकडे मंदिरात विण्याचा पहारा असतो. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात वीणा जातो, पण खाली टेकत नाही. देहातील स्मृतीच्या पेशी अशाच आहेत. लढाई संपल्यावर बहुतेक शिपाई मरतात. थोड्या पेशी मात्र त्या जंतूची खूण जपून पहारा चालू ठेवतात. तोच जंतू पुन्हा आला तर आठवडा लागत नाही, थोड्याच दिवसांत समाचार घेतला जातो.

हाच धागा धरून लस निघाली. आमच्या दंडावर देवी काढल्याचा वण आहे. आमच्या वयाच्या बहुतेक वाचकांच्या दंडावर असेल. आमच्या नातवाच्या दंडावर तो नाही, कारण त्याला गरजच उरली नाही. 1796 साली इंग्लंडात एडवर्ड जेन्नरने गाईच्या देवीची लस टोचून दाखवली. 1802 साली जून महिन्यात मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली आणि तेथून ती हिंदुस्थानात पसरली. 1975 साली आपल्या देशातून देवी गेल्या, आणि 1980 साली त्या पृथ्वीवरूनच गेल्याचे जाहीर झाले. ज्या रोगाला आपण देवी म्हणून हात जोडीत होतो तो गेला, म्हणून काही देवी गेली नाही. ती तिच्या देवळात आहे. गेला तो रोग.

मुंबईत 1896 साली प्लेग आला. त्यापूर्वीच पटकीची लस घेऊन या देशात आलेले हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ मुंबईस आले, त्यांनी प्लेगची लस तयार केली, आणि 1897 च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आहे. आधी आपण आचरावे, मग लोकांस सांगावे, हा आपल्या संतांचाच मार्ग नव्हे काय? पोलिओने पाय गेलेली मुले आम्ही दर वारीत पाहत असू. 2014 साली आपला देश पोलिओमुक्त ठरला. दोन थेंबांनी जे झाले, ते नवसांनी झाले नव्हते.

मात्र स्मृति सर्वांची सारखी टिकत नाही. फ्लूचा विषाणू दरवर्षी वेष पालटतो. धनुर्वात होऊन माणूस वाचला तरी देहाला त्याची आठवण राहत नाही; लसच घ्यावी लागते, आणि ती ठरल्या काळाने पुन्हा घ्यावी लागते. अनवाणी वारी करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आणि गोवर हा तर असा चोर की जाताना इतर रोगांच्या आठवणीही पुसून जातो; म्हणून बाळाला गोवराची लस चुकवू नये.

या स्मृतीत आईचा वाटा केवढा! पोटात असतानाच आई आपल्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बाळाला देते. जन्मल्यावर पहिल्या दोनतीन दिवसांच्या चिकाच्या दुधातून आणखी देते. तिने जन्मभर जे रोग सोसले त्यांचा सार बाळाच्या मुखात घालते. आणि आपण काय करीत असू? तो चीक वाईट म्हणून पिळून टाकीत असू आणि बाळाला मधाचे बोट चाटवीत असू! ज्ञानोबारायांना आपण माउली म्हणतो. त्या शब्दाचा अर्थ ज्याला कळला, त्याने आपल्या सुनेच्या, लेकीच्या बाळाला पहिल्या तासातच अंगावर पाजू द्यावे.

आता शंकांचा परिहार.

शंका पहिली: देवाच्या वाटेवर रोग यावाच का? समाधान: जंतूला वाट कळत नाही, गर्दी आणि घाण कळते. चरकसंहितेत जनपदोद्ध्वंस म्हणून साथीचा विचार आहे. वायु, उदक, देश आणि काल ही चार बिघडली म्हणजे सगळा मुलूख एकदम आजारी पडतो, असे तेथे म्हटले आहे. आपण चंद्रभागेला आई म्हणतो आणि तिच्याच वाळवंटात शौचास बसतो. मग उदक बिघडवले कोणी? 2020 आणि 2021 साली पायी वारी झाली नाही. पादुका मोटारीने पंढरीस गेल्या, आणि आम्ही घरी बसून वाट पाहिली. फार जड गेले. तेव्हा काही जण म्हणाले, देवाने दार लावले. आम्ही म्हणतो, लाखोंच्या मेळ्यातून प्रत्येक गावात साथ जाऊ नये म्हणून घरी बसलेला प्रत्येक वारकरी त्या वर्षी वारीच करीत होता. 2022 साली पायी वारी पुन्हा निघाली, तेव्हा पांडुरंग तेथेच उभा होता. तो कोठे जाणार!

शंका दुसरी: रोग हे प्रारब्धाचे भोग ना? मग उपाय कशाला? समाधान: आमचे मागील कर्म काय होते ते आम्हांस दिसत नाही, विहिरीतील पाणी दिसते. जे दिसते ते आधी स्वच्छ करावे. शिवाय एक विवेक ठेवावा. आपल्या दुःखाला हवे तर प्रारब्ध म्हणावे. दुसऱ्याच्या दुःखाला मात्र आपले कर्तव्य म्हणावे. क्षयाच्या, कुष्ठाच्या रोग्याला "पापाचे फळ" म्हणून दूर सारणारा नाथांच्या कावडीचे नाव घेण्यास पात्र नाही. दोन्ही रोग आज औषधाने बरे होतात. पूर्ण मुदत औषध घेतले पाहिजे, मध्येच सोडता कामा नये.

शंका तिसरी: नामाने रोग जात नाही काय? समाधान: नामाने भय जाते, मन स्थिर होते, झोप लागते, सततच्या चिंतेने देहाची राखण ढिली पडते हे शास्त्रही सांगते. परंतु नाम घ्यायचे ते देवासाठी. ज्वर उतरावा म्हणून नाम घेणे म्हणजे परीस देऊन मीठ घेणे होय. आणि नामाच्या जोरावर लस नाकारणे, पाणी तोडणे, डॉक्टरांना उशिरा बोलावणे, हा नामाला पुढे करून केलेला प्रज्ञापराध आहे. तो आमच्या हातून घडला आहे, म्हणून इतक्या कठोरपणे लिहितो.

त्या रात्री आमची तिन्ही ढळली होती. समोरची तहान ओळखली नाही, तेव्हा धी गेली. ठाऊक नसता "मला ठाऊक नाही" एवढे म्हणून जीभ आवरली नाही, तेव्हा धृति गेली. आणि घटकेपूर्वी सांगितलेली नाथांची कथा आम्हीच विसरलो, तेव्हा स्मृति गेली. देहातील न दिसणाऱ्या पेशी जो धर्म रात्रंदिवस पाळतात, तो गादीवर उभे राहणाऱ्या आम्हांस पाळता आला नाही.

म्हणून या वारीस निघताना एवढे करावे. पिण्याचे पाणी उकळलेले किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास ठेवलेले असावे. टँकरचे असले तरी विचारून घ्यावे. पडशीत साबणाची वडी ठेवावी, आणि शौचाहून आल्यावर व पंगतीला बसण्यापूर्वी हात धुवावेत. वाढप्यांनी तर आधी धुवावेत. फिरती शौचालये असतील तेथे तीच वापरावीत. उघड्यावर चिरून ठेवलेली फळे घेऊ नयेत. निघण्यापूर्वी धनुर्वाताची लस घेतली आहे की नाही ते आरोग्य केंद्रात विचारावे. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घरी विसरू नयेत. आणि प्रत्येक दिंडीच्या विणेकऱ्याने, चोपदाराने क्षारसाखरेच्या पुड्या जवळ बाळगाव्यात. जुलाब लागलेल्या माणसाला प्रथम पाणी द्यावे, मग वाहन शोधावे, आणि नाम सर्व वेळ घ्यावे.

त्या माउलीचा मुलगा आता स्वतः म्हातारा झाला आहे. दरवर्षी वारीत भेटतो. काही वर्षांपूर्वी आम्ही धीर करून त्याला खरे सांगितले. "नाही. पाणी पाजले नव्हते. मीच नको म्हणालो होतो." तो बराच वेळ खाली पाहत बसला. मग म्हणाला, "महाराज, आता समद्यास्नी सांगा." तेव्हापासून आमच्या दिंडीत नातेपुत्याच्या मुक्कामी कीर्तन उतरले की तो एक पिंप मीठसाखरेच्या पाण्याचे भरून ठेवतो, आणि राहुट्याराहुट्यांतून हिंडून कोणी आजारी आहे काय विचारतो. आम्ही त्याच्याबरोबर पेले घेऊन जातो.

ज्याने हा देह दिला आणि देहात असे जागते राखणदार ठेवले, त्या पंढरीरायाने आमच्या बुद्धीलाही तीच धी, तीच धृति आणि तीच स्मृति द्यावी, आणि वारीच्या वाटेवर कोणी तहानेला राहू नये, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

॥ पुंडलीक वरदे हरि विठ्ठल ॥